खानदेशातून हर्णैला: तिथी पाहून ठरवायची सहल

हर्णैला जायचं ठरलं की सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. गाडी, खोली, रजा हे सगळं त्यानंतर. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून निघणारी मंडळी बहुतेक वेळा उलट करतात. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की निघतात, आणि बंदरावर पोहोचल्यावर कळतं की पाणी ओसरलंय, होडी वाळूवर टेकलीय, सुवर्णदुर्गाला जायला अजून चार तास आहेत आणि तोवर वारा उठलेला असेल. मग साडेपाचशे किलोमीटर येऊन किल्ला काठावरूनच बघायचा. तापी-गिरणेच्या काठच्या माणसाला पाण्याची समज असते, पण नदीचं पाणी एकाच दिशेने जातं. इथलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि त्याची वेळ रोज सरकते.

हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं मासेमारीचं बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला, आणि या सगळ्यांच्या मधोमध रोज संध्याकाळी भरणारा मासळीचा लिलाव. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्ग आहे आणि आपल्या शेजारचा, बागलाणातला साल्हेरही आहे. साल्हेर चढून आलेल्यांनी त्याचं हे पाण्यातलं भावंड बघायलाच हवं.

तिथीवरून भरती कशी काढायची

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा जो आकडा, त्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो की वद्य. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरी बसून तारीख ठरवायला पुरेसा आहे. निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या किनाऱ्याचं भरतीचं कोष्टक पाहून नक्की करा.

वेळेइतकंच पाणी किती चढणार हेही बघावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्याला ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी आणि पाणी शांत.

आता हे वाऱ्याशी जोडा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी समुद्र बराच निवांत असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात. त्यामुळे किल्ल्यावर जायला सकाळच हवी, आणि त्या सकाळी पाणी चढतं किंवा नुकतंच भरलेलं हवं. हे दोन्ही जुळतं ते एकादशी ते त्रयोदशीला: सव्वाआठ ते पावणेदहापर्यंत पूर्ण भरती, आणि पौर्णिमेचं उधाणही अजून दूर. अष्टमी-नवमीला गेलात तर सकाळभर पाणी उतरत असतं, भर दुपारी तळ दिसतो. ते दिवस किनाऱ्यावरून लांब चालायला आणि खडकांतली कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले), खेकडे, शंख बघायला उत्तम, किल्ल्याला अडचणीचे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये जळगावचे ४४-४५ अंश सोसणाऱ्यांना तिथले ३३-३४ काहीच नाहीत असं वाटतं, पण ती हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि दुपारी किल्ल्यावर माणूस लवकर गळतो. पाण्याची बाटली माणशी दोन लिटर धरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, प्रवासी होड्या तर मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला बहुतेक होड्या काठावर ओढलेल्या असतात. सण बघायचा तर तेव्हा जा, लिलाव बघायचा तर ते दिवस टाळा.

पोहोचायचं कसं

दापोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन कोकण रेल्वेवरचं खेड. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडच्यांनी रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण गाठायचं, लोकलने दिव्याला जायचं आणि सकाळची दिवा-सावंतवाडी गाडी पकडून खेडला उतरायचं. ही गाडी बिनआरक्षणाची आहे, सुट्टीच्या दिवसांत दिव्यालाच भरते, तेव्हा वेळेआधी फलाटावर उभं राहा. गणपतीत आणि शिमग्यात या वाटेला लहान मुलं घेऊन जाऊ नका. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ-जळगाववरून थेट कोकणात जाते, पण तिने रत्नागिरीपर्यंत गेलात तर तितकंच मागे यावं लागतं. पनवेलला उतरून दापोलीची एसटी धरणं बरं. नंदुरबारकरांना सुरत-वसईमार्गे पनवेल सोयीचं पडतं. खेडहून दापोली एसटीने तासाभराची वाट, दापोलीहून हर्णै आणखी सोळा-सतरा किलोमीटर.

स्वतःची गाडी असेल तर धुळे-नाशिक-कसारा-भिवंडी-पनवेल आणि पुढे गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, कशेडी, खेड. धुळ्याहून साडेपाचशे किलोमीटर, जळगावहून आणखी नव्वद. बारा-तेरा तास धरा. भिवंडी ते पनवेल या टप्प्यात अवजड गाड्यांची गर्दी असते, तिथे दिवस उजाडायच्या आत पोहोचायचं तर धुळ्याहून रात्री अकरा-बाराला निघावं लागतं, आणि गाडी चालवायला दोघं हवेत. एकटाच चालक असेल तर महाडला मुक्काम करा. खेडच्या पुढचा रस्ता वळणांचा आहे, सपाट महामार्गाची सवय असलेला माणूस तिथे वेगाचा अंदाज चुकतो. डिझेल-पेट्रोल आणि रोख पैसे दापोलीतच घ्या.

एक चूक वारंवार होते. मोबाइलवर नुसतं ‘मुरूड’ टाकलं की तो रायगडच्या मुरूड-जंजिऱ्याला नेतो. हर्णैशेजारचं मुरूड वेगळं, दापोली तालुक्यातलं. ‘हर्णै बंदर’ टाका, ‘सुवर्णदुर्ग’ टाका, नुसतं मुरूड टाकू नका.

सुवर्णदुर्ग

होडी बंदरावरूनच मिळते, बहुतेक वेळा अख्खी ठरवावी लागते. तुम्ही चारच असाल तर आणखी कुणी येतंय का ते बघा. बोलणी करताना तीन गोष्टी आधी पक्क्या करा: जाऊन-येऊन किती पैसे, किल्ल्यावर किती वेळ थांबणार, आणि अंगात घालायला तरंगती जाकिटं आहेत का. किल्ला नीट बघायला दीड तास लागतो. होडीवाला अर्धाच तास देत असेल तर तेव्हाच सांगा, किल्ल्यावर पोहोचल्यावर वाद नको. आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ‘आज नको’ म्हणाला तर त्याला पैसे वाढवून भरीस पाडू नका. त्याला दिसतंय ते आपल्याला दिसत नसतं.

किल्ल्याच्या पूर्वेला, दरवाजासमोरच्या वाळूत उतरायचं असतं, तेही गुडघाभर पाण्यात. त्यामुळे मागे पट्टा असलेले, भिजले तरी चालतील असे बूट किंवा सँडल हवेत. नुसती चप्पल पहिल्याच लाटेत जाते आणि अनवाणी उतरलात तर खडकावरची कालवं तळपाय कापतात. मोबाइल, पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. साड्या नेसलेल्या बायका आणि म्हातारी माणसं होडीतून उतरताना दोन लाटांच्या मधला क्षण धरून उतरवावी लागतात. होडीवाला सांगेल तेव्हाच पाय टाका.

दरवाजा काठावरून नीट दिसतच नाही, बुरुजांच्या आड वळवून घेतलेला आहे. जवळ गेलात की पायरीवर खाली बघा: दगडात कोरलेलं कासव आहे. तटाच्या भिंतीत मारुती. आत शिरायच्या घाईत अर्धे लोक कासवावरूनच चालून जातात. मग तटाकडे पाठ न करता हात लावून बघा. खालचा भाग चिऱ्यांचा नाही, बेटाचा मूळ खडकच उभा तासून काढलाय आणि त्यावर प्रचंड दगड चढवलेत. लाटांचा मारा होतो तो नेमका त्या अखंड खडकावर. तट अजून उभा आहे यामागे हीच युक्ती आहे.

आत वाड्यांची जोती, दारूकोठाराचे अवशेष, पाण्याची टाकी आणि विहिरी आहेत. तटावरून फिरता येतं, पण झुडपं काटेरी आहेत, पूर्ण पँट घाला. पश्चिमेकडे समुद्राच्या बाजूला चोरदरवाजा आहे, तिथे शेवाळाने पायऱ्या निसरड्या असतात, मुलांना पुढे सोडू नका. सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह यांतलं काही नाही.

हा किल्ला म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या उदयाची जागा. पुढे त्यांचा मुलगा तुळाजी याचं आणि पेशव्यांचं बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं, आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तोफा डागून सुवर्णदुर्ग घेतला. त्या विजयाचं इंग्रजांना एवढं अप्रूप होतं की १७८४ साली जेम्सच्या विधवेने लंडनजवळ एका टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ बुरूज बांधला आणि त्याला याच किल्ल्याचं नाव दिलं. ‘सेव्हर्नद्रूग’ हा सुवर्णदुर्गाचा इंग्रजी उच्चार. आपलं आरमार आपल्याच माणसांनी परक्यांच्या मदतीने मोडलं, हे तिथे उभं राहिल्यावर फार टोचतं.

काठावरच्या तीन किल्ल्यांना मिळून दोन तास पुरेत. कनकदुर्ग बंदराला लागूनच आहे, तट फारसा उरला नाही, पण वर दीपगृह आहे आणि तिथून सुवर्णदुर्ग सगळ्यात चांगला दिसतो. होडी चुकली तर इथूनच बघा. फत्तेदुर्गावर आता वस्ती आहे, किल्ला शोधत लोकांच्या अंगणात शिरू नका. गोवा किल्ल्याचा तट मात्र शाबूत आहे, संध्याकाळी उन्हं कलल्यावर जा.

लिलाव

दुपारी चारच्या सुमारास बंदरावर या. मोठ्या होड्या थेट काठाला लागत नाहीत, मासळी छोट्या होड्यांतून नाहीतर बैलगाड्यांतून वाळूवर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली की मान वर करतात आणि जागचे हलत नाहीत. पोळ्याला ज्यांच्या दारी बैल पुजले जातात त्यांनी हे जरूर बघावं. मग वाळूवर ढीग लागतात, भोवती व्यापाऱ्यांचं कडं पडतं, बोली भराभर चढते आणि आकडा कळायच्या आत माल बर्फात जातो.

तुम्हाला दोन किलो पापलेट हवंय म्हणून त्या कड्यात शिरू नका. ती ठोक खरेदी आहे, तिथे मिनिट मोडलं तर कुणाचं तरी नुकसान होतं. लिलावातून माल घेऊन बाजूला बसलेल्या कोळणी असतात, त्यांच्याकडून वाटा घ्यायचा. घासाघीस चालते, पण पहिला भाव निम्म्यावर आणायला जाल तर मावशी बोलणं बंद करतील. फोटो काढायच्या आधी विचारा.

आपल्याला सवय रोहू, कटला, मरळ यांची, त्यामुळे समुद्राची मासळी पारखताना गोंधळ होतो. पापलेटचा कल्ला अंगठ्याने दाबा: पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. बांगडा हातात आडवा धरला की काठीसारखा ताठ राहायला हवा. सुरमईचं पोट दाबलं की बोटाचा खळगा लगेच भरून यायला हवा. कोळंबीचं डोकं घट्ट हवं, काळं पडलेलं नको. डोळे खोल गेलेले असतील तर कोणतीही मासळी घेऊ नका.

घेतलेली मासळी मुक्कामाच्या घरी करून देतात, करणावळ आधी विचारा. काळ्या मसाल्याची चव तिथे मिळणार नाही. ओलं खोबरं, आमसूल, तांदळाची भाकरी आणि सोलकढी ही तिथली तऱ्हा, आणि ताज्या मासळीला तीच शोभते. शाकाहारी मंडळींची सोय मुरूड, आंजर्ल्याच्या घरगुती खाणावळींत छान होते, मात्र जेवण आणि उकडीचे मोदक सकाळीच सांगून ठेवावे लागतात. ऐनवेळी गेलात तर उपाशी राहाल.

पाण्यात उतरताना

विहिरीत सूर मारणारी, तापीत पोहणारी पोरं समुद्रात जास्त धोक्यात येतात, कारण त्यांना पोहण्याची खात्री असते. पाणी उतरत असताना, म्हणजे भरती होऊन गेल्यावरच्या सहा तासांत, कमरेच्या वर जाऊ नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात मात्र पाणी गप्प, गढूळ दिसतंय, तर ती जागा सुरक्षित नव्हे. तिथूनच पाणी आत ओढलं जात असतं. सापडलात तर काठाच्या दिशेने झुंजू नका, दम संपतो. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या, मग लाटेबरोबर बाहेर. खाडीच्या तोंडाशी तर उतरूच नका.

गाडी वाळूत नेऊ नका. कर्दे, मुरूडची ओली वाळू घट्ट दिसते आणि गाडी फिरतेही, पण थांबली की चाकाखालची वाळू सुटते. एक्सलेटर दाबला की चाक आणखी रुततं, तोवर भरती येते, आणि खारं पाणी इंजिनात गेलं की त्या गाडीचं पुढे काही खरं नाही. शिवाय त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.

आजूबाजूचं

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती हर्णैहून खाडीचा पूल ओलांडून गाडीने वीसेक मिनिटांवर. मूर्ती उजव्या सोंडेची, आणि देवळाच्या वाटेवरून सुवर्णदुर्ग पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर आंजर्ल्याच्या किंवा बाणकोटजवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघता येतात. अंडी वाळूत दीड ते दोन महिने उबतात आणि पिल्लं सूर्योदयाला नाहीतर सूर्यास्ताला सोडतात. घरट्यातून पिल्लं कधी निघतील ते कुणाच्या हातात नसतं, म्हणून दोन रात्री मुक्काम ठेवा. दोरीच्या अलीकडे थांबा, पिल्लाला हात लावू नका, फ्लॅश मारू नका. प्रकाशाने ती दिशा चुकतात.

दापोली-हर्णै रस्त्यावर आसूद लागतं. तिथून पोफळीच्या बागांमधून उतरून, ओढ्यावरचा साकव ओलांडून आणि मग चढून केशवराजाच्या देवळात जायचं. पंधरा-वीस मिनिटं चाल, गुडघे दुखणाऱ्यांना अवघड. वर गोमुखातून थंड पाणी वाहत असतं. भर उन्हातही ही वाट गार असते, म्हणून दुपार इथे घालवा.

एक दिवस जास्त असेल तर दापोलीच्या दक्षिणेला पन्हाळेकाजी. तिथे २९ लेणी आहेत. अजिंठा, पितळखोरा पाहिलेल्यांना कोरीव काम साधं वाटेल, पण बौद्ध लेण्यांवर पुढे नाथपंथाचा ठसा कसा उमटला हे इतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं. उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड, चोपड्याजवळचं उनपदेव पाहिलेलं असेल तर, वगळलं तरी चालेल.

पालगड मात्र वगळू नका. साने गुरुजी २४ डिसेंबर १८९९ ला इथे जन्मले. शिकले दापोलीत, आणि शिकवलं आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. खानदेशाने ज्यांना आपलं मानलं त्यांचं घर बघायला दापोलीहून पाऊण-एक तास वाकडी वाट करावी लागते. शाळकरी मुलं बरोबर असतील तर नक्की करा.

मासळी घरी नेताना

शेवटच्या दिवशी पहाटेच घ्या, आदल्या संध्याकाळची नको. तुकडे करून घेऊ नका. पोट साफ करून, कल्ले काढून मासा अख्खा ठेवा, कारण कापलेल्या बाजूने पाणी शिरतं आणि मांस लवकर सुटतं. जाड थर्माकोलची पेटी, खाली एका कोपऱ्यात पेन्सिलएवढं भोक आणि त्याला बूच. मासळी जेवढी किलो, तेवढाच बर्फ, तोही फोडलेला. मोठ्या लाद्यांमध्ये पोकळी राहते आणि तिथली मासळी तापते. तळाला बर्फ, मग मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यात वर बर्फच. झाकण चिकटपट्टीने बंद करून पेटी गोधडीत गुंडाळा, डिकीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.

दर तीन-चार तासांनी बूच काढून साचलेलं पाणी सोडा, कारण मासळी नासते ती बहुतेक त्या पाण्यात बुडून राहिल्याने. नाशिकला थांबलात की बर्फ निम्मा उरलाय का बघा, कमी असेल तर तिथेच भरा. रेल्वेने जाणार असाल तर ओली मासळी नेऊच नका, पाणी गळून शेजाऱ्यांना त्रास होतो. त्याऐवजी सुके बोंबील, सुकट, जवळा घ्या. चांगला बोंबील वाकवला की कटकन मोडतो. नुसता वाकला तर तो ओला आहे, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याला बुरशी धरेल.